पिकअप वाहनांतील महामार्गवेगी कंपन

पिकअप वाहनांतील महामार्गवेगी कंपन म्हणजे हलके मालवाहू वाहन ठरावीक वेगाच्या पुढे गेल्यावर त्याच्या स्टिअरिंगमध्ये, आसनात, तळपत्र्यात किंवा हौद्यात जाणवणारी नियमित थरथर होय. खड्ड्यामुळे बसणारा धक्का क्षणिक असतो. हे कंपन मात्र गुळगुळीत रस्त्यावरही टिकून राहते आणि वेगाबरोबर बदलते. चाकांचे असंतुलन, टायरचा आकारदोष, प्रोपेलर शाफ्टचे असंतुलन, शाफ्टच्या सांध्यांचे विषम कोन आणि इंजिनाच्या आधारांची झीज ही त्याची प्रमुख कारणे आहेत. मूळ उंचीपेक्षा ठेंगण्या केलेल्या वाहनात सांध्यांच्या कोनांना विशेष महत्त्व येते.

कंपन हे लक्षण असते, दोष नव्हे. एकच थरथर पाच वेगवेगळ्या कारणांनी होऊ शकते. म्हणून अंदाजाने एकामागून एक भाग बदलत जाण्यापेक्षा कंपन वाहनाच्या वेगाशी, इंजिनाच्या फेऱ्यांशी की ओढीच्या भाराशी बांधलेले आहे हे प्रथम ठरवणे, ही निदानाची मूलभूत पद्धत मानली जाते.

नाशिक परिसरातील पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यात पिकअप हे शेतमालाच्या वाहतुकीचे प्रमुख साधन आहे. निफाड, दिंडोरी व पिंपळगाव बसवंत परिसरातील द्राक्षे व टोमॅटो, लासलगावचा कांदा आणि शहराभोवतालचा भाजीपाला मळ्यापासून बाजार समितीपर्यंत, शीतगृहापर्यंत किंवा थेट वाशीच्या घाऊक बाजारापर्यंत अशा वाहनांतून जातो. वाहननिर्मितीशीही शहराचा जुना संबंध आहे. महिंद्र कंपनीचा सातपूर येथील कारखाना बोलेरो या वाहनासाठी ओळखला जातो. टायर बनवणाऱ्या सिएट कंपनीचा आणि इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या बॉश कंपनीचाही कारखाना नाशिकमध्ये आहे.

मळ्यातल्या कच्च्या वाटेवर ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना वाहनातील लहानसहान असंतुलन जाणवत नाही. मुंबई–आग्रा महामार्गावर किंवा समृद्धी महामार्गावर तेच वाहन ताशी ७०–८० किलोमीटर वेगाने सलग धावू लागले की लपलेला दोष उघड होतो. ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. त्यामुळे सिन्नर व इगतपुरी भागातील वाहनांना पूर्वीपेक्षा अधिक काळ एकसारख्या वेगाने धावण्याची सोय झाली. एकसारखा वेग हीच या कंपनाला पोषक परिस्थिती होय.

वाहनाची उंची बदलण्याचे प्रकार

पिकअप ठेंगणी करण्याचा छंद मुख्यतः अमेरिकेत वाढला. महाराष्ट्रातील मालवाहू पिकअपच्या बाबतीत बहुधा उलट घडते. अधिक माल पेलावा म्हणून मागील कमानीत जादा पाटे घालतात आणि रिकामी गाडी मूळ उंचीपेक्षा वर उचलली जाते. तथापि केवळ शोभेसाठी पाटे काढून अथवा ॲक्सलची मांडणी बदलून मागील भाग खाली बसवलेली वाहनेही आढळतात. याखेरीज भरलेली प्रत्येक पिकअप ही काही तासांपुरती ठेंगणी झालेली पिकअपच असते, कारण भाराने पाटे दबतात आणि चौकट ॲक्सलच्या जवळ येते. म्हणून पुढील विवेचन कायमच्या ठेंगण्या वाहनास जसे लागू पडते, तसेच भाराने दबणाऱ्या वाहनासही लागू पडते.

मागील भाग खाली आणण्याच्या प्रचलित पद्धती तीन आहेत. पहिलीत पाटे कमी करतात किंवा त्यांचा बाक कमी करतात. दुसरीत पाट्यांच्या खाली असलेला ॲक्सल पाट्यांच्या वर बसवतात. तिसरीत, ज्या वाहनात ॲक्सल मुळातच पाट्यांच्या वर असतो, तेथे दोहोंच्या मध्ये धातूचा ठोकळा घालतात. या प्रत्येक पद्धतीत मागील ॲक्सल केवळ वर सरकत नाही, तर तो स्वतःभोवती काही अंशांनी फिरण्याचाही संभव असतो. बहुतेक त्रासाचे मूळ या फिरण्यात असते.

कंपनाची मूळ तत्त्वे

असंतुलन : फिरणाऱ्या भागाचे वस्तुमान आसाभोवती समप्रमाणात विभागलेले नसेल तर प्रत्येक फेरीत एक बाहेर ओढणारे बल निर्माण होते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की बल चौपट होते. रिमच्या कडेला, केंद्रापासून १९ सेंटीमीटर अंतरावर ३० ग्रॅम वजन जादा असेल, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला सुमारे २४ न्यूटन, म्हणजे जवळजवळ अडीच किलो वजनाइतके बल चाकाला दर सेकंदास दहा वेळा हिसका देते. ताशी ४० किलोमीटर वेगाला तेच बल केवळ ६ न्यूटन असते. शहरात न जाणवणारा दोष महामार्गावर का जाणवतो, याचे हे एक कारण आहे.

अनुस्पंदन : झोक्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलका धक्का देत राहिले तरी झोका उंच जातो. त्याचप्रमाणे पाटे, टायर व ॲक्सल यांच्या जुळणीलाही स्वतःची लय असते. टायरच्या लवचीकपणावर ॲक्सल खालीवर नाचण्याची स्वाभाविक वारंवारता साधारणतः १० ते १५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १० ते १५ कंपने एवढी असते. पिकअपची चाके ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगाला जवळपास याच गतीने फिरतात. त्यामुळे थोडेसे असंतुलनही या पट्ट्यात मोठे भासते आणि वेग आणखी वाढवल्यावर कधी कधी कमीही होते.

सांध्यातील चढउतार : गिअरबॉक्स चौकटीला जखडलेला असतो, तर मागील ॲक्सल पाट्यांवर खालीवर होतो. या दोहोंना जोडणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकांना म्हणून वाकू शकणारे सांधे असतात. त्यांना कारागीर ‘क्रॉस’ म्हणतात. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो आणि सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांची नावे या सांध्याशी जोडली जातात. स्थितिस्थापकतेच्या नियमामुळे विद्यार्थ्यांना परिचित असलेला हूक तो हाच. या सांध्याचा एक अंगभूत गुण असा, की तो कोनात असताना एका बाजूने एकसमान वेग दिला तरी दुसऱ्या बाजूस तो एकसमान राहत नाही. प्रत्येक फेरीत तो दोनदा वाढतो व दोनदा कमी होतो. कोन ३ अंश असेल तर हा चढउतार एकूण सुमारे ०.३ टक्के असतो. ६ अंशांना तो सुमारे १.१ टक्के आणि १० अंशांना सुमारे ३ टक्के होतो. म्हणजे कोन दुप्पट झाला की चढउतार जवळजवळ चौपट होतो.

दोन सांधे समान व विरुद्ध कोनांत ठेवले तर पहिल्याने निर्माण केलेला चढउतार दुसरा नाहीसा करतो. त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. गिअरबॉक्समधून बाहेर येणारा दांडा व डिफरन्शियलमध्ये शिरणारा पिनियनचा दांडा एकमेकांना समांतर असले पाहिजेत. तसेच शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे, म्हणजे योक, एकाच प्रतलात असले पाहिजेत.

वारंवारतेवरून ओळख

प्रत्येक फिरणाऱ्या भागाची गती वेगळी असल्याने कंपनाची वारंवारता ही त्या भागाची ओळख ठरते. उदाहरणादाखल २१५/७५ आर १५ मापाचा टायर घेतला, तर भाराखाली एका फेरीत तो सुमारे २.१५ मीटर अंतर कापतो. डिफरन्शियलचे गुणोत्तर ४.१ आणि पाचव्या गिअरचे ०.८ धरले असता ताशी ८० किलोमीटर वेगाला पुढील आकडे येतात.

• चाक : सेकंदाला सुमारे १० फेऱ्या. चाकाचे असंतुलन व टायरवरील एकच फुगवटा येथे दिसतो.
• अंडाकार झालेला टायर : फेरीत दोन उठाव, म्हणून सुमारे २० हर्ट्झ.
• प्रोपेलर शाफ्ट : सेकंदाला सुमारे ४२ फेऱ्या. शाफ्टचे असंतुलन अथवा वाकलेपण येथे दिसते.
• सांध्यांचे विषम कोन : शाफ्टच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ८५ हर्ट्झ.
• इंजिन : सेकंदाला सुमारे ३४ फेऱ्या. चार सिलिंडरांच्या इंजिनात एका फेरीत दोन स्फोट होत असल्याने त्यांची लय सुमारे ६८ हर्ट्झ.

माणसाच्या शरीराला यांतील फरक बऱ्याच अंशी कळतो. १० हर्ट्झचे कंपन स्टिअरिंग किंवा आसन हलताना डोळ्यांना दिसते. ४० हर्ट्झचे तळपत्र्यात मुंग्या आल्यासारखे वाटते आणि आरसा धूसर होतो. ८० हर्ट्झच्या आसपासचे कंपन स्पर्शापेक्षा गुणगुणीच्या रूपाने कानाला अधिक जाणवते. मोबाइलमधील प्रवेगमापकाच्या साहाय्यानेही वारंवारता मोजता येते. मात्र असा मापक आपल्या नोंदणीच्या गतीच्या निम्म्यापर्यंतचीच कंपने विश्वासाने दाखवतो. सेकंदाला १०० नोंदी घेणाऱ्या मोबाइलवर चाक व शाफ्ट ओळखता येतील, परंतु ८५ हर्ट्झचे कंपन त्यावर भलत्याच आकड्याने उमटेल.

रस्त्याचे स्वतःचे कंपनही वेगळे काढावे लागते. काँक्रीट रस्त्यावर सुमारे साडेचार मीटर अंतराने आडवे सांधे असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाला त्यांचा ठोका सेकंदाला सुमारे पाच वेळा बसतो. डांबरी पट्ट्यावर जाताच तो थांबला तर दोष वाहनाचा नसतो. वाहनाची चाचणी म्हणून दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर घेतात.

निदानाचा क्रम

१. पूर्वइतिहास : कंपन केव्हा सुरू झाले याची विचारपूस प्रथम करतात. टायर बदलल्यानंतर, क्लचचे काम केल्यानंतर, पाटे काढल्यानंतर की पावसाळी मळ्यातून आल्यानंतर, यांपैकी एका उत्तरानेही शोधाचे क्षेत्र बरेच आकुंचित होते. शाफ्ट उतरवून पुन्हा बसवताना सरकत्या जोडातील दाते चुकीच्या खाचेत बसले, तर योक एका प्रतलात राहत नाहीत. कोन अचूक असूनही कंपन सुरू होते.

२. चाकांची पाहणी : टायरमधील हवा, असमान झीज, फुगवटा, निसटलेली वजने, वाकलेली रिम व सैल नट तपासतात. नाशिकच्या काळ्या मातीच्या भागात एक साधे कारण वारंवार भेटते. मळ्यातील चिकट चिखल रिमच्या आतल्या बाजूस बसून वाळतो व चाकाचे संतुलन बिघडवतो. चाक आतून धुतल्यावर कंपन गेले तर पुढील खर्च वाचतो. बाजारातून नवी रिम घेतली असल्यास तिचे मधले छिद्र हबवर नेमके बसते की नाही हे पाहणे आवश्यक असते.

३. जागा ओळखणे : स्टिअरिंगमधील थरथर बहुधा पुढील चाकांकडे निर्देश करते. आसन व तळपत्र्यातील थरथर मागील चाकांकडे किंवा शाफ्टकडे बोट दाखवते. माप समान असल्यास पुढील व मागील चाकांची अदलाबदल करून पाहतात. कंपनाने जागा बदलली तर दोष चाकांत असतो आणि बदलली नाही तर तो इतरत्र असतो.

४. गिअर बदलून चाचणी : ज्या वेगाला कंपन येते तोच वेग पाचव्या व चौथ्या गिअरमध्ये राखतात. दोन्ही वेळा रस्त्यावरील वेग तोच, पण इंजिनाच्या फेऱ्या वेगळ्या असतात. कंपन जसेच्या तसे राहिले तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे शाफ्ट, ॲक्सल वा चाके यांत असतो. ते बदलले तर इंजिन, क्लच किंवा इंजिनाचे रबरी आधार यांच्याकडे लक्ष वळवतात. उभ्या गाडीत इंजिन तितक्याच फेऱ्यांवर नेऊन याची खातरजमा करता येते.

५. ओढ काढून चाचणी : सपाट, सरळ व मोकळ्या रस्त्यावर क्षणभर क्लच दाबून इंजिनाची ओढ काढून घेतात. चाके व शाफ्ट त्याच वेगाने फिरत राहतात, पण त्यांच्यावरील भार नाहीसा होतो. कंपन तसेच राहिले तर असंतुलनाची शक्यता अधिक असते. चौथ्या चाचणीत न बदललेले कंपन येथे मात्र एकदम कमी झाले, तर सांध्यांच्या कोनांचा संशय बळावतो. या चाचणीत इंजिन बंद करीत नाहीत, कारण इंजिन बंद होताच ब्रेकला व स्टिअरिंगला मिळणारे साहाय्य जाते. कसारा घाटासारख्या उतारावर ही चाचणी करणे धोक्याचे आहे.

६. खालून तपासणी : शाफ्ट हाताने हलवून क्रॉसमधील ढिलाई, मधल्या बेअरिंगचे फाटलेले रबर, नळीवरचा पोचा, सुटलेले संतुलन-वजन आणि गिअरबॉक्सच्या टोकाची तेलगळती पाहतात. गाडी उचलताना स्टँड चौकटीखाली न लावता ॲक्सलखाली लावणे महत्त्वाचे असते. चौकटीवर उचललेल्या गाडीचा ॲक्सल खाली लोंबकळतो आणि मोजायचे कोनच बदलून जातात.

कोनांचे मापन

सांध्यांचे कोन मोजण्यासाठी गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर आणि नेहमीच्या भारासह उभी करतात. कोनमापकाने तीन ठिकाणांचा कल घेतात. गिअरबॉक्सच्या बाहेर येणारा दांडा, प्रोपेलर शाफ्टची नळी आणि पिनियनचा दांडा ही ती तीन ठिकाणे होत. अंकीय कोनमापक नसल्यास शालेय कोनमापकाच्या मध्याला ओळंबा बांधूनही प्राथमिक अंदाज घेता येतो. तथापि येथे अर्ध्या अंशालाही अर्थ असल्याने अंकीय साधन श्रेयस्कर ठरते. लगतच्या दोन कलांतील फरक म्हणजे त्या सांध्याचा कार्यकारी कोन.

पुढील उदाहरणात मागे उतरता कल धन मानला आहे. मूळ वाहनात गिअरबॉक्सचा कल ४ अंश, शाफ्टचा ७ अंश व पिनियनचा ४ अंश आहे. पुढील सांध्याचा कोन ३ अंश आणि मागील सांध्याचाही ३ अंश येतो. दोन्ही समान असल्याने चढउतार परस्परांत मिटतो. आता ॲक्सल ५ सेंटीमीटर वर आला. सुमारे १.४ मीटर लांबीच्या शाफ्टचा कल त्यामुळे २ अंशांनी घटून ५ अंश झाला. या बदलात पिनियनचा कल ४ अंशच राहिला असता, तर दोन्ही कोन १ अंश होऊन समतोल टिकला असता. परंतु ठोकळा बसवताना ॲक्सल फिरला आणि पिनियनचे नाक खाली जाऊन त्याचा कल दीड अंश झाला. आता पुढील कोन १ अंश, तर मागील साडेतीन अंश झाला. हे दोन कोन एकमेकांना मिटवू शकत नाहीत. दोहोंच्या वर्गांतील फरकाचे वर्गमूळ काढले असता सुमारे ३.४ अंश येते, म्हणजे ३.४ अंशांचा एकच सांधा जोडल्यासारखा परिणाम होतो.

यावरून एक सर्वसाधारण गैरसमज दूर होतो. एकसंध शाफ्ट असलेल्या वाहनात केवळ उंची कमी केल्याने कोनांचा समतोल बिघडत नाही. तो पिनियन फिरल्याने बिघडतो. दोन तुकड्यांच्या शाफ्टची गोष्ट निराळी आहे. तेथे मधले बेअरिंग चौकटीला जोडलेले असते. ॲक्सल वर आल्यावर मागील तुकड्याचाच कल बदलतो आणि पुढील तुकड्याचा तसाच राहतो. म्हणून लांब पिकअपमध्ये पिनियन न फिरताही कंपन उद्भवू शकते.

कार्यशाळांत पाळले जाणारे संकेत असे आहेत. प्रत्येक सांध्याचा कोन ३ अंशांच्या आत असावा आणि समोरासमोरील दोन कोनांतील फरक १ अंशाहून अधिक नसावा. कोन अगदी शून्यही नसावा. अर्धा ते एक अंश कोन असला तरच क्रॉसमधील सुईसारख्या बेअरिंग फिरत राहतात, अन्यथा त्या एकाच जागी दाबल्या जाऊन खळगे पाडतात. अति ठेंगण्या केलेल्या वाहनातील क्रॉस लवकर निकामी होण्याचे हे एक कारण आहे.

दुरुस्ती

पिनियनचा कोन सुधारण्यासाठी पाटे व ॲक्सल यांच्यामध्ये ठरावीक अंशांची धातूची पाचर बसवतात. वरील उदाहरणात अडीच अंशांची पाचर पिनियनचे नाक वर उचलून समांतरता पुन्हा साधू शकते. पाट्यांवरील ॲक्सल जोराच्या ओढीने स्वतः थोडा फिरतो व पिनियनचे नाक वर उचलले जाते. याची तजवीज म्हणून स्थिर अवस्थेत ते साधारण एक अंश खाली ठेवण्याची पद्धत आहे. पाचर बसवल्यावर यू-बोल्ट निर्मात्याने सांगितलेल्या बलाने आवळून काही किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासतात. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये मधल्या बेअरिंगची उंची पातळ पट्ट्या घालून किंवा काढून जुळवतात.

ॲक्सल वर आल्याने गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचे अंतरही किंचित बदलते. सरकत्या जोडात पुरेशी जागा उरली नाही, तर मोठ्या खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सवर आदळतो. अशा वेळी शाफ्ट आखूड करून पुन्हा संतुलित करावा लागतो. शाफ्टचे संतुलन यंत्रावरच करणे योग्य. नळीच्या पृष्ठावर, आसापासून साडेतीन सेंटीमीटरवर केवळ २० ग्रॅम जादा वजन असेल, तरी ताशी ८० किलोमीटर वेगाला सुमारे ५० न्यूटन बल उत्पन्न होते. शाफ्ट पिनियनच्या फ्लँजवर अर्धा फेरा फिरवून बसवल्याने कंपन कमी झाल्यास दोष त्या जोडणीच्या केंद्रच्युतीत असल्याचे समजते.

चाकांच्या बाबतीत यंत्रावरील संतुलन हा पहिला उपाय असला तरी तो एकमेव नव्हे. वाकलेली रिम किंवा अंडाकार टायर संतुलित करता येतो, पण गोल करता येत नाही. संतुलन करूनही टिकणाऱ्या १० किंवा २० हर्ट्झच्या कंपनात म्हणून चाक फिरवून डायल गेजने त्याचा डुलवा मोजतात. चाकांची दिशाजुळणी, म्हणजे अलाइनमेंट, बिघडल्याने गाडी एका बाजूस ओढते व टायर झिजतात. त्यामुळे स्वतंत्रपणे नियमित थरथर सहसा होत नाही. ही दोन कामे एकच समजण्याची चूक वारंवार होते.

मालावर व माणसांवर होणारे परिणाम

द्राक्षाच्या वाहतुकीत कंपनाचा परिणाम प्रत्यक्ष पैशांत मोजला जातो. सतत हादरणाऱ्या घडातील मणी देठापासून सुटतात. या मणीगळीमुळे आणि मण्यांवरील नैसर्गिक लव घासली गेल्यामुळे मालाचा दर्जा घसरतो. सुटलेल्या मण्याच्या जखमेतून बुरशीचा शिरकाव सुलभ होतो. टोमॅटोत एकमेकांवर घासल्याने साल सोलवटते. मागील ॲक्सलच्या वर व त्याच्या मागे ठेवलेल्या, विशेषतः सर्वांत वरच्या थरातील क्रेटना बहुधा सर्वाधिक हादरे बसतात, कारण त्यांना दाबून धरणारे वजन वर नसते. त्यामुळे बाजारात उतरवलेल्या मालाची नासाडी एकाच भागातील क्रेटमध्ये वारंवार आढळली, तर वाहनाची तपासणी करणे इष्ट ठरते. वर्षभर जपलेल्या बागेचे मोल शेवटच्या काही तासांत कमी होऊ शकते.

चालकाच्या दृष्टीने अशी थरथर थकवा वाढवते. माणसाचे धड साधारणतः ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते आणि दीर्घकाळच्या हादऱ्यांचा पाठीच्या विकारांशी संबंध जोडला जातो. सर्वांत गंभीर धोका शाफ्ट तुटण्याचा आहे. ढिला झालेला क्रॉस वेगात निसटला, तर शाफ्टचे मोकळे टोक ब्रेकच्या नळ्या तोडू शकते किंवा रस्त्यात रुतून गाडी उलटवू शकते. अचानक सुरू झालेले, दिवसागणिक वाढणारे किंवा गिअर टाकताना ‘टक्’ असा आवाज करणारे कंपन ही म्हणून वाहन थांबवण्याची सूचना समजली जाते.

कायदा व सुरक्षितता

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलांहून भिन्न होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. भारतात नव्या वाहन-नमुन्यांची मान्यता-चाचणी करणाऱ्या संस्थांमध्ये १९६६ साली पुण्यात स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचा समावेश होतो. उंची, पाटे व ब्रेक यांची मूळ सांगड अशा चाचण्यांतून गेलेली असते. म्हणून ठेंगण्या केलेल्या वाहनातील कंपनावर मूळ पाटे व मूळ मांडणी परत बसवणे हा तांत्रिक व कायदेशीर अशा दोन्ही दृष्टींनी सर्वांत निर्दोष उपाय ठरतो.

अनेक लक्षणे अतिभारानेही निर्माण होतात. मंजूर भारापेक्षा अधिक माल भरल्यास पाटे ठरलेल्या मर्यादेपलीकडे दबतात, पिनियनचा कोन बदलतो आणि टायर तापतो. अशा वाहनात पाचर बसवून मिळालेला आराम भार बदलताच नाहीसा होतो. मालवाहू वाहनाचे कोन ज्या भारावर मोजले, त्या भारापुरतेच ते खरे असतात. निदानाच्या नोंदीत वेग, गिअर व फेऱ्या यांच्यासोबत हौद्यातील वजनही लिहिण्याची पद्धत त्यामुळेच आहे.